धुरपदेचा घोट

सोनखडकीची माणसं ही गोष्ट अर्धीच सांगतात. मी पुरी सांगते, ऐका.

फार वर्षांपूर्वी, लागोपाठ तीन साल पाऊस फिरकला नाही, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या वेशीबाहेर दोन वाडे होते, वरला वाडा आणि खालला वाडा. गावानं दोघांनाही बाहेर ठेवलेलं. पण माणसाची खोड बघा, वरला वाडा खालल्या वाड्याच्या हातचं पाणी पीत नव्हता! त्या दुष्काळात एक गोरा पाद्रीसाहेब आला. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून त्यानं येशूचं देऊळ बांधायला काढलं. वरला वाडा आधी बाटला, खालला मागून.

खालल्या वाड्यात धुरपदा नावाची बाई होती. नवरा मेलेला, पदरात एक लेक. तिला चुन्याच्या घाणीवर काम मिळालं. बैल दगडी चाक ओढायचा आणि ती चुना मळायची. मग बैलही मेला. असं म्हणतात, धुरपदेनं ते जू आपल्या खांद्यावर घेतलं आणि पावणेदोन वर्षं ती घाणीभोवती फिरली. चुना चिकट व्हावा म्हणून त्यात गूळ घालतात. तो संपला, तेव्हा तिला खायला मिळणारा गुळाचा खडा तिनं चुन्यात टाकला. एकदा नाही, रोज. खोटं वाटत असेल तर चैत्रात या, देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला आजही मुंग्या लागतात.

एवढं कशासाठी? तर साहेब तिला म्हणाला होता, "बाई, या देवळात प्रभुभोजनाला सगळ्यांना मिळून द्राक्षारसाचा एक प्याला असतो. सगळ्यांचे ओठ त्यालाच." धुरपदेला जन्मभर पाणी मिळालं ते वरून, ओंजळीत. कुणाच्या भांड्याला तिचा ओठ कधी लागला नव्हता. स्वर्गाचं तिला फारसं काही नव्हतं, बाई साधी होती. तिला सगळ्यांबरोबर त्या प्याल्यातला एक घोट हवा होता.

देऊळ उभं राहिलं. धुरपदेचा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, म्हणजे प्याल्याचा हक्क मिळाला. पण पहिलं प्रभुभोजन व्हायच्या आतच साहेब तापानं गेला. त्याच्या जागी शांतवन पाळक आले, वरल्या वाड्याचेच. माणूस वाईट नव्हता हो, नुसता भित्रा होता.

पहिल्या रविवारी वरला वाडा पुढच्या बाकांवर, खालला मागं. लोक वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकायचे आणि पाळक प्याला फिरवायचे. वरल्या वाड्याचा म्होरक्या इस्राएलबाबा. त्यानं असा घोट घेतला की मिशा भिजल्या. त्याच्यामागून त्याचे भाऊ, भावजया, व्याही, सगळ्यांचे तसेच घोट. खालल्या वाड्याचा ओठ लागला तर पुढच्या खेपेला तोच प्याला आपल्या तोंडी येणार, म्हणून त्यांनी खाली काही उरूच दिलं नाही.

धुरपदेपाशी आला तेव्हा प्याला कोरडा. "संपला, माय," पाळक म्हणाले. "पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला ती लवकर आली. वरला वाडा त्याहून लवकर आलेला. ती दिवस उगवताना आली, तर हे कोंबड्याला उठवायला हजर! बाहेरगावचे पाद्री सांगत फिरायचे, सोनखडकीसारखी भक्ती कुठं पाहिली नाही. एकदा ती इस्राएलबाबाच्या अगदी शेजारी जाऊन टेकली, तर तो ताडकन उठला. म्हणाला, "आधी आम्ही बाटलो, आधी आमचा घोट!"

असं म्हणतात, अकरा वर्षं हेच चाललं. एकदा ती पाळकांना म्हणाली, "पाळकबाबा, गाव वरून वतायचं, पन वंजळीत पडायचं तरी. तुमच्या देवाच्या घरी त्येवढंबी न्हाई व्हय?" प्याल्यात आणखी द्राक्षारस ओतायला त्यांना कुणी बंदी केली नव्हती. त्यांनी ओतला नाही.

बाराव्या वर्षी ईस्टरला ती लेकीच्या खांद्यावर हात टाकून आली, अंगात जीव नव्हता. कोरडा प्याला पुढं आला. तिनं तो पाळकांच्या हातातून घेतला, आत पाहिलं, ओठाला लावला, आणि तिथंच तिचा प्राण गेला. असं म्हणतात, बोटं सोडवायला चार माणसं लागली. आणि इस्राएलबाबाला काळजी कशाची? प्याल्याची! ओठ लागला होता ना त्याला.

पुढच्या रविवारी पाळकांनी वेदीवर प्याला काठोकाठ भरला. कठड्याशी आणला, तर आत थेंब नाही. पुन्हा भरला, पुन्हा तेच. द्राक्षारस बदलून पाहिला, उपास केले, गत तीच. नाताळ कोरडा गेला. वरल्या वाड्याची पाचावर धारण बसली. तेव्हा धुरपदेची लेक म्हणाली, "माज्या आईचा घोट द्या, म्हंजी सुटाल."

आता तिचा घोट म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. खालल्या वाड्याला पुढं बोलवायचं, दुसरं काय! पण वरला वाडा हुशार. त्यांनी भरलेला प्याला वेदीवरूनच उचलला, कबरस्तानात नेला आणि पहिला घोट धुरपदेच्या दगडावर ओतला. जित्याला देण्यापेक्षा मेल्याला देणं सोपं. आणि ती भोळी, तेवढ्यावरही विरघळली. त्या दिवशी प्याला शेवटच्या माणसापर्यंत पुरला. खालल्या वाड्यानं शेवटी का होईना, घोट घेतला. मागून तो प्याला चिंचेनं सात वेळा घासला, ते सोडा.

तेव्हापासून आजपर्यंत सोनखडकीत दर प्रभुभोजनाला आधी धुरपदेच्या दगडावर घोट ओततात. पाहुणे बघतात, डोळे पुसतात. म्हणतात, काय थोर मनाचं गाव!

आणि परवापरवाची गोष्ट. धुरपदेची पणती प्रिस्किल्ला मास्तरीण झाली. एका रविवारी ती सरळ पुढच्या बाकावर बसली, कठड्याशी सगळ्यांत आधी टेकली आणि पहिला घोट तिनं घेतला. पुढच्याच महिन्यात देवळाच्या कमिटीनं ठराव केला. दिवस साथीचे आहेत, आरोग्य महत्त्वाचं, यापुढं ज्याला त्याला वेगळा काचेचा पेला, अंगठ्याएवढा.

जुना प्याला काढून टाकला नाही हं, रीत कशी मोडायची! तो कपाटातून निघतो, दगडावर रिता होतो आणि पुसून परत कपाटात जातो. सगळ्यांबरोबर एक घोट, एवढंच मागणारी ती बाई आता त्या प्याल्यातून एकटीच पिते.