साठ पायऱ्यांवरची तक्रारपेटी

"आधी साठ पायऱ्या चढून ये, मग नोकरीचं बोलू!" असं म्हणून कारभारी दाजीपंत खो खो हसले.

ठकू तांबटीण बुरुजाच्या पायथ्याशी काठी टेकून उभी होती. तिचा डावा पाय जन्मापासून अधू. बुरुजाच्या माथ्यावर चंदनगडची वेळ मोजली जायची. गंगाळातल्या पाण्यावर तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मग काशाच्या तासावर, म्हणजे टांगलेल्या जाड थाळीवर, एक टोला हाणायचा आणि वाटी पुन्हा सोडायची. म्हातारा घटकेकरी वारला होता, जागा रिकामी होती, आणि ती ठकूला मनापासून हवी होती. का नको? त्या वाटीचं भोक तिनेच तर पाडलं होतं, वीस वाट्या वाया घालवून!

"पंत, दिवसभर मांडी ठोकून बसायच्या कामाला पाय कशाला हो लागतात?"

"चढायला!"

"मग एकदा कुणाकडून उचलून वर नेऊन बसवा."

"छे! स्वतःच्या पायांनी चढलं पाहिजे, असा नियम आहे."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून!"

नियमाचं कारण वर बुरुजावरच घोरत होतं. ते म्हणजे पंतांचे मेहुणे गुंडोपंत, तात्पुरते टोल्यांच्या कामावर बसवलेले!

तेवढ्यात राजे विश्वंभरसिंहांचा मेणा आला. ठकू सरळ मेण्याला आडवी गेली. "महाराज, न्याय करा! हात, पाय, डोळा, कान अधू म्हणून दरबारच्या कामातून कुणाला हाकलायचं नाही, असा आपलाच कायदा आहे ना?"

"आहे तर!" राजाने मिशीला पीळ दिला. "पंत, या कायद्याबद्दल तक्रारी किती?"

"एकही नाही, महाराज!"

"तक्रारपेटी कुठे ठेवलीय?"

"बुरुजावर, महाराज. कायद्याची पाटीही तिथेच लावलीय. अगदी मानाने, उंचावर!"

राजा मनाचा बरा, पण हट्टी. "ऐकलंस ना, पोरी? पेटीत तक्रार नाही, म्हणजे तक्रारच नाही! उद्या मध्यान्हीच्या आत तुझ्या हाताने पेटीत तक्रार टाक, नाहीतर जागा गुंडोपंतांची!"

"आणि पेटीच खाली माझ्यापाशी आली तर, महाराज?"

"पेटीला काय पाय फुटणार आहेत?"

"माझ्यापेक्षा बरे फुटतील. आपणच बोलवाल तिला!"

राजा गालात हसला आणि मेणा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आभाळ असं गच्च भरलेलं, की सूर्याचा पत्ता नाही. ठकू उजाडायच्या आत पायथ्याशी येऊन बसली. पुढ्यात पाण्याचं पातेलं आणि त्यात तशीच दुसरी वाटी. वाटी बुडाली की ती एक चिंचोका बाजूला ठेवायची. उजाडल्यापासून पंधरा चिंचोके झाले की मध्यान्ह.

वरून चार टोले पडले. पाचवा पडलाच नाही! ऐकू आलं ते गुंडोपंतांचं घोरणं.

शेजारच्या चौकात राजाचं पान मांडलं. आता चंदनगडची रीत अशी, की मध्यान्हीचा टोला पडल्याशिवाय राजाने घासाला हात लावायचा नाही. पुरणपोळी आली, तिच्यावर तुपाची धार पडली, तूप थिजलंसुद्धा! राजाच्या पोटात कावळे कोकलायला लागले.

"अरे, टोला का पडत नाही? जा कुणीतरी!"

शिपाई धावला. गुंडोपंत दचकून उठले, हाताला येईल तो दांडका घेऊन सुटले आणि सव्वीस टोले हाणून मोकळे झाले! आधीचे चार धरून झाले तीस, म्हणजे दिवस मावळला! गुराख्यांनी गुरं घराकडे वळवली, बायकांनी सांजवाती लावल्या, आणि गुंडोपंत पुन्हा आडवे झाले.

"सत्यानाश!" राजा पानावरून उठून तणतणत पायथ्याशी आला. तिथे ठकू शांतपणे चिंचोके मोजत होती. "पोरी, तुला वेळ ठाऊक आहे?"

"तंतोतंत, महाराज. चौदा झाले, पंधरावा येतोच आहे."

"मग वेळ झाली की टोला हाण!"

"तास वर आहे ना, महाराज!"

"भोयांनो, उचला हिला!"

"अं हं! स्वतःच्या पायांनी चढायचं. पंतांचा नियम!"

"पंत, मग तुम्ही जा!"

पंत निघाले. अकराव्या पायरीवर बसले ते बसलेच, भात्यासारखे फुसफुसत.

"हा कसला नियम!" राजा ओरडला. "आम्ही तरी कधी पायांनी चढलोय? आम्हीसुद्धा मेण्यातूनच जातो!"

"मग महाराज, ही नोकरी आपल्यालाही मिळायची नाही!"

तेवढ्यात राजाचं पोट असं गुरगुरलं की पंतांनाही अकराव्या पायरीवर ऐकू गेलं.

"आणा!" राजा गरजला. "गंगाळ, तास, पाटी, पेटी, जे जे वर आहे ते सगळं खाली आणा! गुंडोपंतांसकट!"

भोई धावले. पेटी खाली आली मात्र, ठकूने कमरेची चिठ्ठी काढून तिच्यात टाकली. तोच वाटी बुडाली. तिने पंधरावा चिंचोका ठेवला आणि तासावर मध्यान्हीचा असा टोला हाणला की बुरुजावरची कबुतरं उडाली!

राजाने आधी दोन पोळ्या संपवल्या, मग पेटी उघडून चिठ्ठी वाचली. "पेटी वर होती. आता खाली आली. तक्रार मिटली."

"आधीच लिहून ठेवलीस?" राजाला ठसका लागला. "आम्ही बोलावणार, हे ठाऊक होतं तुला?"

"गुंडोपंतांची झोप आणि महाराजांची भूक, दोन्ही ठाऊक होत्या!"

राजा हसत सुटला. "घटकेकऱ्याची जागा तुझी! शिवाय आजपासून आमच्या सगळ्या कचेऱ्या तू तपासायच्या. जिथे तुझी काठी पोचणार नाही, तिथला अधिकारी बैठकीसकट अंगणात येऊन बसेल! काय पंत, तुमची कचेरी कितव्या माडीवर?"

"ति... तिसऱ्या," पंत पायरीवरूनच पुटपुटले. "पण महाराज, बुरूज आता मोकळा झाला. तिथे काय ठेवायचं?"

"गुंडोपंतांनाच ठेवा!" ठकू म्हणाली. "वारा छान येतो, आणि झोपायला पाय कुठे लागतात!"

राजा असा खदखदून हसला की तिसरी पोळी ताटाबाहेर गेली. त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून ठकूच्या हातात ठेवला.