तुंब्यातला क्ष

एका रानात उंबराच्या झाडावर एक माकड राहायचं. त्याला कुणी "हिंमत आहे का?" एवढंच म्हटलं की संपलं. डोकं फांदीवर ठेवून ते हो म्हणायचं. कोल्ह्याला ही खोड पक्की ठाऊक. एक दिवस तो निमुळत्या तोंडाचा तुंबा, म्हणजे वाळका भोपळा, घेऊन आला. म्हणाला, "झुडपावर वीस बोरं होती, निम्मी लाल, निम्मी हिरवी. सगळी यात भरलीत. दहा वेळा हलव. पडलेलं बोर परत आत टाकायचं. एकदा जरी लाल पडलं तर माझी गुहा तुझी. नाही पडलं तर हे उंबर माझं. आहे हिंमत?"

झालं! माकडीण नुकतंच झालेलं पिल्लू पोटाशी धरून वरून नको नको म्हणत होती, पण हा गडी हलवत सुटला. हिरवं. परत हिरवं. दहाच्या दहा हिरवी. कोल्हा म्हणाला, "नशीब एकेकाचं. सूर्य मावळायच्या आत झाड रिकामं कर."

तळ्यातून कासवानं मान वर काढली. त्यानं माकडाला सांगितलं, की निम्मी लाल असतील तर एकदा हिरवं पडणं म्हणजे दोनात एक. लागोपाठ दोनदा म्हणजे चारात एक. असंच दुप्पट करत जा. माकडानं हाताची बोटं मोजली, मग पायाची, मग शेपटीही धरून बघितली. उत्तर आलं एक हजार चोवीसात एक. ते ओरडलं, "म्हणजे अशा हजार पैजांत जेमतेम एकदा हरायचं, आणि मी पहिल्याच फटक्यात?"

"तसंही घडू शकतं," कासव म्हणालं. "पण शंका घ्यायला एवढं पुरे."

तुंबा फोडायचा नाही, असं पैजेत ठरलेलं. म्हणून लाल बोरं गेली कुठं ते बघायला कासवानं एका कावळ्याला वर पाठवलं. तो घिरटी घालून ओरडला, "बोराच्या बिया! झाडापासून उड्यांत मोजून तीन, मग चार!" माकडाला आधी वर जायची सवय. ते डोंगराच्या दिशेनं तीन उड्या नि उगवतीकडे चार मारून थेट खाजकुइलीत पडलं.

"अरे बाबा, पहिला आकडा आडवा, म्हणजे उगवतीकडे; दुसरा उभा, म्हणजे डोंगराकडे," कासव म्हणालं.

खाजवत खाजवत माकड उगवतीकडे तीन नि डोंगराकडे चार उड्या गेलं. तिथं कोल्ह्याच्या गुहेचं तोंड, आणि तोंडाशी दहा बिया. सगळ्यांना लाल सालं चिकटलेली.

माकड तळ्याकाठी परत आल्यावर कासवानं चिखलात नखानं लिहिलं. "तुंब्यातल्या लाल बोरांना क्ष मानू. खाल्लेली दहा. झुडपावर लाल होती दहा. क्ष अधिक दहा बरोबर दहा. मग क्ष किती?"

माकड बघतच राहिलं. तुंबा तसाच बंद, कुणी आत डोकावलंसुद्धा नाही, आणि आतलं सगळं समोर चिखलात दिसत होतं. "शून्य," ते हळूच म्हणालं.

आता सगळे झाड रिकामं व्हायची वाट बघत बसलेल्या कोल्ह्याकडे वळले. त्यानं मान खाली घातली. "क्ष मा..."

माकडाला वाटलं, हाही गणितच घालतोय. ते बोटं मोजायला सरसावलं.

"क्षमा," कोल्हा म्हणाला. "लाल सगळी मीच खाल्ली. उंबर तुझंच."

तात्पर्य : पैज घ्यायच्या आधी गणित करावं. आणि लबाडी कितीही निमुळत्या तोंडाच्या तुंब्यात लपवा, गणिताला आत डोकावावं लागत नाही.