पोकळ डबा आणि मिजासखोर इंजिन

घाटात बैलगाड्या आणि मोटारी एकमेकांना वाट देत चालायच्या, त्या काळी धर्माजीची एक जीप होती. तिचं इंजिन मोठं मिजासखोर. त्याच्या हवा ओढायच्या नळीवर एक पोकळ डबा बसवलेला होता. इंजिनाची गर्जना त्यात शिरून विरून जाई आणि बाहेर नुसती गुरगुर ऐकू येई.

इंजिनाला हे सोसवेना. "मेल्या रिकामटेकड्या! तुझ्या पोटात ना चाक, ना तेल, आणि माझा आवाज गिळतोस?"

"दादा, पोकळ आहे म्हणून तर तो मावतो," डबा म्हणाला. "तो कमी झाला की बाकीच्यांचं ऐकू येतं."

"बाकीच्यांचं ऐकायला मी काय चावडीवरचा पाटील आहे?" इंजिन फिस्कारलं. मग त्याने असे हादरे दिले की बोल्ट निखळले आणि डबा दरीत गेला.

आता इंजिन डरकाळ्या फोडू लागलं. प्रवासी कानांवर हात ठेवून बसले. इंजिनाला वाटलं, सारा घाट आपल्याला वचकून आहे. चढावर इंजिनाचं पाणी गार ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टा किंचाळला, "दादा, थांबा, मी तुटतोय!" ते ना इंजिनाला ऐकू गेलं, ना धर्माजीला. पट्टा तुटला, पाणी उकळलं आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं.

शेवटी धर्माजीने दोन बैल जुंपून जीप वरच्या गावाकडे ओढत नेली. वाटेत धाकट्या बैलाने विचारलं, "हाच का तो डरकाळ्या फोडणारा?"

"हाच," थोरला म्हणाला. "जरा जोर लाव. बडबड संपली तरी वजन तेवढंच आहे."