मडक्यावरचे फडके

एकदा एक गाव होते, मिरचीचे. नाव सांगत नाही. नाव सांगितले की माणसे आधी ते कुठल्या तालुक्यात येते ते बघतात, आणि आपला तालुका नसला की सुटकेचा श्वास टाकून गोष्ट ऐकतात. तर मिरचीचे गाव, एवढे पुरे. हंगामात गावाभोवतीची खळी लालभडक होत आणि वाऱ्यावर असा खकाणा उडे की पाहुणा वेशीतच शिंकायला लागे. म्हणून तिथे बाया-बाप्ये सगळेच नाकातोंडाला फडके बांधून वावरत. डोळे तेवढे उघडे.

सगळ्यांचीच तोंडे बांधलेली असतात तिथे एखादी रीत लागतेच. उंबरा ओलांडताना फडके गळ्यात ओढायचे, ही त्या गावाची रीत. परक्याच्या घरी तर खरेच, पण स्वतःच्या घरात शिरतानाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेली गोष्ट. उंबरा आला की हात आपोआप गळ्याकडे जाई. कायदाही त्याच रीतीला धरून होता. चोरी असो, मारहाण असो, शिक्षा वर्षाची हद्दपारी. तोच गुन्हा उंबऱ्याच्या आत तोंड झाकून केला असेल, तर हद्दपारी जन्माची.

या रीतीतून एकाच माणसाला सूट होती. केरबा पाणक्या. चुन्याच्या भट्टीत त्याचे तोंड लहानपणी भाजले होते, आणि पंचांनीच त्याला सांगितले होते, बाबा, तू फडके काढू नकोस, आम्ही समजून घेऊ. तो आणि त्याची बहीण हौसा गावाबाहेर राहत. केरबा घरोघर पाणी भरी, आणि फडक्यानिशीच आत जाऊन रांजणात ओती. गावाने हा मोठेपणा केला होता आणि त्या मोठेपणाची आठवणही गाव अधूनमधून काढी.

त्या वर्षी हंगामात भर दुपारी साळूबाईच्या घरात चोर शिरला. साळूबाई म्हातारी, एकटी. त्याने तिला ढकलले, मनगट मोडले आणि गळ्यातली पुतळ्यांची माळ ओढून नेली. लोक जमले. कोण होता, कसा होता? म्हातारी रडत म्हणाली, "तोंड बांधल्यालं होतं गं बाई. आत आला तरी बांधल्यालंच."

बस्स. एवढ्या एका वाक्यावर गावाने निकाल लावला. उंबऱ्याच्या आत फडके न काढणारा गावात एकच. दुसरा कोणी असा विचार तरी करील का? आमची माणसे उंबऱ्यात फडके काढतात, हाताला सवयच आहे तशी! कुणीतरी म्हणाले, उंचीही तेवढीच असेल की. साळूबाई म्हणाली, असेल. खळ्यावरची माणसे काम टाकून तशीच उठली, हातात दांडकी होती तीच घेतली, आणि केरबाच्या घरात घुसली. त्याला मारले. मग त्याचे फडके ओढून काढले आणि म्हातारीला म्हणाले, बघ, हाच का? तिने जे तोंड कधी पाहिलेच नव्हते, ते ओळखायला सांगत होते तिला. म्हातारीने ते भाजलेले तोंड बघितले आणि किंचाळून डोळे मिटले. लोकांनी त्याचाही अर्थ हाच लावला. केरबा त्यातून उठला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दूरच्या बाजारातल्या एका सोनाराने निरोप पाठवला. तुमच्या गावचा एक माणूस पुतळ्यांची माळ वितळवायला घेऊन आला आहे, आणि ती मीच साळूबाईसाठी घडवलेली आहे. माणूस निघाला शिदोजी मापाडी. गावातल्या निम्म्या मिरचीचे वजन त्याच्या हातून होई. त्याने गुन्हा कबूल केला.

न्याय करायचा होता तो तरुण न्यायाधीशाला. तो नुकताच त्या जागेवर बसला होता. त्याच्या आधी ती जागा ज्यांनी आयुष्यभर सांभाळली, ते वृद्ध आचार्य आता ओढ्यापलीकडच्या मठीत राहत. हा त्यांचा शिष्य. निकालाच्या आदल्या संध्याकाळी तो त्यांच्याकडे गेला.

"गुरुजी, शिदोजीची बायको दारात येऊन बसली आहे. एक वर्षाची हद्दपारी ती सोसेल, पण जन्माची म्हणजे घर बुडाले. आणि मला स्वतःलाच हा कायदा पटत नाही. माळ ओढली, मनगट मोडले, हा गुन्हा. तोंड उघडे असते तर मनगट कमी मोडले असते का? फडक्याला कसली एवढी शिक्षा? इथे तर सगळेच बांधतात."

आचार्यांनी ऐकून घेतले. ते तसे तिरसट म्हणूनच प्रसिद्ध होते, पण त्या संध्याकाळी चिडले नाहीत. म्हणाले, "उद्या मी येतो चावडीवर. एक रिकामे मडके आणि एक काठी आणून ठेव. आणि शिदोजीचे ते फडके."

"मडके कशाला?"

"उद्या कळेल. आणि हौसाला बोलाव. तिला कोणी बोलावलेले नसणार."

खरेच, तिला कोणी बोलावलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढे सगळे गाव बसले. आचार्यांनी काठी जमिनीत रोवली, तिच्यावर मडके पालथे घातले आणि मडक्याला शिदोजीचे फडके बांधले. शेतातले बुजगावणे असते तसे ते दिसू लागले. दोघेचौघे हसले. म्हातारपणी आचार्यांची बुद्धी फिरली, असेही कुणी पुटपुटले. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आचार्य पुढे बसलेल्या सोपान हमालाला म्हणाले, "शिदोजी सापडायच्या आधी या फडक्यामागे तुला कोण दिसत होता?"

सोपान घुटमळला. "खोटं कशाला बोलू, महाराज? केरबा दिसत होता."

"तुला?" त्यांनी मिरचीच्या मोठ्या व्यापाऱ्याला विचारले.

"सगळ्यांना जो दिसला तोच. त्यात आमची काय चूक? याने तोंड झाकले म्हणून तर घोटाळा झाला." व्यापाऱ्याने शिदोजीकडे बोट केले. "मी तर म्हणतो, कायदा आहे त्याहून कडक पाहिजे. तोंड लपवून येतो तो माणूसच नव्हे."

साळूबाईला विचारले. ती नुसती रडली. ज्याला विचारावे तो हेच नाव घेई, आणि ते नाव ऐकताना हौसा कडेला मान खाली घालून बसली होती.

मग आचार्य शिदोजीकडे वळले. "लोक केरबाच्या घरी गेले, तेव्हा तू कुठे होतास?"

"तिथंच. मागं उभा होतो. दांडकं न्हाई उचललं मी."

"बोललास?"

"न्हाई."

आचार्य शिष्याकडे वळून म्हणाले, "काल तू विचारलेस, फडक्याला कसली शिक्षा. फडक्याने तोंड नाहीसे होत नसते, बाळ. तिथे जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेत लोक कुणाचे तरी तोंड बसवतातच. ते नेहमी अशाचे बसवतात, ज्याच्यासाठी भांडायला कोणी येणार नाही. उघड्या तोंडाचा चोर एका घराचा अपराधी असतो. हा साळूबाईचा अपराधी आहे, आणि केरबाचाही. माळ त्याने एका दुपारी ओढली, पण केरबाला मरताना बघत उभा राहिला तोही त्याच फडक्याच्या जिवावर. कायदा जास्तीची शिक्षा देतो ती या दुसऱ्या माणसासाठी."

शिदोजी हात जोडून म्हणाला, "पण आता मी समदं कबूल केलं की. तोंड उघडलं की माझं."

"पकडल्यावर काढलेले फडके काढलेले नसते," आचार्य म्हणाले.

शिष्य उभा राहिला. त्याने निकाल दिला. जन्माची हद्दपारी. शिदोजीची बायको मोठ्याने रडू लागली. गावाने माना डोलावल्या. योग्य झाले, असेच पाहिजे, देवाच्या घरी न्याय आहे! व्यापारी उठला, धोतर झटकले, आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचेही उठू लागले.

आचार्यांनी मात्र मडक्यावरचे फडके सोडले नव्हते.

"बसा," ते म्हणाले. "एकीला विचारायचे राहिले. हौसा, तुला या फडक्यामागे कोण दिसते?"

हौसाने पहिल्यांदा मान वर केली. मडक्याकडे बघितले, मग गावाकडे.

"मला व्हय? मला समदीच दिसत्यात," ती म्हणाली. "आमच्या घरात शिरली तवा एकानंबी फडकं काढलं न्हवतं. खळ्यावरनं आली ती तशीच आत आली. माझ्या भावाला कुणाचं दांडकं बसलं, कुणी त्याचं फडकं वढलं, मला कसं कळावं? डोळं तेवढं दिसत व्हतं. त्या दिसापासनं रस्त्यानं जो भेटंल त्याच्याकडं मी बघती. ह्यो व्हता का? का त्यो?"

कितीतरी हात गळ्याकडे गेले. सवयच ती. फडकी आता व्यवस्थित गळ्यातच होती. केरबाच्या घराला उंबरा आहे, हेच त्या दिवशी कोणाच्या हाताला आठवले नव्हते.

शिष्य आचार्यांजवळ वाकून हळूच म्हणाला, "गुरुजी, आता मी काय करू? हे तर सगळे गाव आहे."

"कायदा तू आत्ताच वाचलास. मी वाचलेला नाही." आचार्यांनी त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही. "गाव मोठे आहे म्हणून कायदा लहान होत असेल, तर शिदोजीला परत बोलाव."

शिष्याने मडक्याकडे बघितले. मग वळून गावाला म्हणाला, "त्या दिवशी केरबाच्या घरात कोण कोण होते, हे हौसाला माहीत नाही आणि मलाही नाही. तुम्हाला माहीत आहे. जो आत्ता उठून आपले नाव सांगेल, त्याने फडके काढले असे मी धरीन. त्याला वर्षाची हद्दपारी. जो बसून राहील त्याचे तोंड झाकलेलेच आहे. तो पुढे कधी उघडा पडला, तर जन्माची."

"वर्सानं माझा भाऊ येतोय व्हय?" हौसा म्हणाली.

"नाही," शिष्य म्हणाला.

पहिला उठला सोपान हमाल. "मी होतो. पाय मी धरलं होतं त्याचं." एवढे बोलून तो खाली बघत उभा राहिला. मग साळूबाई उठली. तिला कोणी म्हणाले, अगं तू बस, तू कुठे मारलेस? ती म्हणाली, "तोंड माझं उघडं होतं. पर न बघितल्याल्याला मी 'असंल' म्हणाले. मलाबी धाडा." मग आणखी एक उठला, आणि आणखी काही. व्यापारी बसून राहिला. त्याला मध्येच खोकला आला आणि सवयीने त्याने फडके तोंडावर घेतले. मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे ध्यानात येऊन घाईने खाली ओढले, पण उठला काही नाही.

संध्याकाळी आचार्यांना ओढ्यापर्यंत पोचवताना शिष्य म्हणाला, "गुरुजी, मी दयेचे विचारायला आलो होतो आणि शिक्षाच वाढवून बसलो."

"दया तू कोणावर करायला निघाला होतास?"

"शिदोजीवर."

"केरबा तुझ्या मनात आला होता का?"

शिष्याने मान हलवली. नाही.

"गावाला फडक्यामागे केरबाच दिसला, आणि तुला तो दिसलाच नाही म्हणायचा," आचार्य म्हणाले, आणि काठी टेकत ओढ्यात उतरले.

किती जण उठले ते मी सांगणार नाही. त्या वर्षी खळ्यांवर माणसे कमी पडली आणि निम्मी मिरची उघड्यावर कुजली, यावरून अंदाज करा. गावाला पाणी भरायला आता हौसा जाऊ लागली. दुसरे कोणी उरले नव्हते, आणि तिलाही पोट होते. व्यापाऱ्याच्या उंबऱ्याशी येऊन ती उभी राही. त्याचे फडके गळ्यातच असे, रीतीप्रमाणे, तोंड पुरते उघडे. हौसा त्याच्या तोंडाकडे बघत नसे, नुसत्या डोळ्यांकडे बघे, आणि रांजण भरेपर्यंत त्याची मान वर येत नसे.

तोंड झाकणाऱ्याला जबर शिक्षा हवी, असे आपण चारचौघांत म्हणतो. म्हणावेच, पण म्हणताना एक हात आपल्या गळ्याशी नेऊन बघावा.