पानात वाढलेला हत्ती

फार जुन्या काळी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हा, एका सरोवराकाठी एक राज्य होतं. तिथं पहाटे धुकं उतरायचं आणि दुपार टळेपर्यंत हलायचं नाव घ्यायचं नाही. राजा भला होता. ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम शिकवावं, म्हणून त्यानं शिकवणीचे मांडव घातले आणि त्यांच्या देखरेखीला पाच पंच नेमले.

त्या पाचांत एक म्हातारी होती. गुडघा दुखरा, पण जीभ ठणठणीत!

सगळ्यात देखणा मांडव सुतारकामाचा. तिथले गुरुजी लाकडाचे हत्ती कोरायला शिकवत. पंच यायचे म्हटलं की तोरणं लागत, हत्तींना तेल चोळलं जाई, मग पंगत बसे. पंच पोटभर जेवत, "वा, काय हात आहे!" म्हणत आणि मांडव पुढच्या वर्षीही चालू ठेवत. खोटं कशाला सांगू, म्हातारीही मान डोलवायची.

एका वर्षी पाहणीला निघालेली म्हातारी धुक्यात वाट चुकली. पाय जमिनीवर पडताहेत की ढगावर, तिला कळेना. चालता चालता एक झोपडी लागली. दारात हत्ती, कोनाड्यात हत्ती, चुलीवरसुद्धा हत्ती. चूल मात्र गार पडलेली. आत एक बाई लेकीची वेणी घालत होती आणि डोळे पुसत होती.

"अगं पोरी, रडतेस कशाला? एवढं सुरेख कोरतेस की!"

"मांडवातच शिकले, आजी. पण इथं घरोघरी हत्ती झालेत, घेणार कोण? हत्ती काही शिजवून खाता येत नाहीत. आज दुपारच्या नावेनं लेकीला पैलतीरी धाडतेय, परक्याच्या घरी धुणीभांडी करायला. निदान तिच्या पोटात दोन घास पडतील."

लेक एवढीशी. गाठोडं छातीशी धरून बसली होती.

"नावही वेळेवर सुटेलसं वाटत नाही," बाई म्हणाली. "निम्म्या नावा गळतात. डागडुजी करणारं कुणी नाही."

"अगं बाई! आणि तुला लाकूड तासता येतं, सांधता येतं! काठावर कसलं काम अडलंय, ते मांडवात कुणी विचारलं नाही?"

"कुणी विचारायचं, आजी? पंच तुम्ही ना? पंगतीत पाहिलंय मी तुम्हाला."

म्हातारीनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ती हळूच म्हणाली, "चुकलं गं माझं. माझ्या शब्दाखातर आजचा दिवस लेकीला धाडू नकोस." आणि ओटीत हत्ती भरून ती निघाली.

मांडवात पंगत मांडली होती. वाढपी यायच्या आत म्हातारीनं प्रत्येकाच्या पानात एकेक हत्ती ठेवला.

"आजीबाई, ही काय थट्टा?" थोरले पंच रागावले.

"थट्टा कसली? आपल्या मांडवानं लोकांच्या पानात जे वाढलं, तेच वाढलंय. करा सुरुवात!"

मग तिनं त्या घरची गोष्ट सांगितली. गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला जे आवडलं, तेच मी शिकवत गेलो."

पंच न जेवताच उठले आणि धुक्यातून काठावर गेले. काय हवंय, काय अडलंय, हे त्यांनी नावाड्यांना पहिल्यांदाच विचारलं. मांडव काठावर हलला. गुरुजी आधी स्वतः नावा सांधायला शिकले, मग इतरांना शिकवू लागले.

बाईला तर त्याच दिवशी दुरुस्तीला एक गळकी नाव मिळाली आणि नावाड्यानं मजुरी म्हणून तांदूळ आगाऊ दिले. दुपारची नाव लेकीला न घेताच धुक्यात दिसेनाशी झाली. झोपडीत चूल पेटली होती, आणि लेक गाठोडं सोडून आपले कपडे पुन्हा दांडीवर टाकत होती.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: देखरेख करणाऱ्यानं शिकवणीचा थाट पाहू नये, शिकणाऱ्याची चूल पाहावी.