कोरडी, पण कुणाच्या मानाने?

एकदा एक शिष्या दोन बाटल्या पिशवीत घालून आपल्या वृद्ध गुरूंच्या दारी आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "अण्णा, मी या लग्नाला नकार द्यावा म्हणते. पण आधी यातली कोणती उघडायची, ते सांगा."

गुरूंचं सारं आयुष्य नाशिककडच्या द्राक्षमळ्यांत गेलेलं. आता ते वाइनची पारख शिकवत. त्यांनी विचारलं, "नकारच द्यायचा, तर बाटली कशाला?"

"तेच तर मला कळत नाहीये," ती म्हणाली आणि मटकन बसली.

झालं होतं असं. होणाऱ्या सासूबाई त्या संध्याकाळी पहिल्यांदाच जेवायला येणार होत्या. बाई बरीच वर्षं इटलीत राहिलेल्या. तिथली प्रोसेको नावाची फेसाळ पांढरी वाइन त्यांना आवडते, पण फार गोड चालत नाही, एवढं त्यांच्या मुलाने सांगितलेलं. दुकानात एका बाटलीवर 'ब्रूट' होतं, दुसरीवर 'एक्स्ट्रा ड्राय'. ड्राय म्हणजे कोरडी, गोडवा नसलेली. त्यात एक्स्ट्रा, म्हणजे ठणठणीत कोरडी. तिने ती उचलली. मग शंका आली, म्हणून दुसरीही घेतली.

"आणि लग्नाचं काय?"

"मावशी म्हणते, सासूबाई फार कोरड्या आहेत. तिच्याशी फोनवर दोनच वाक्यं बोलल्या. 'येते. फार काही करू नका.' संपलं. अण्णा, अशा माणसापाशी जन्म कसा काढायचा?"

 गुरूंनी दोन्ही बाटल्या बर्फात घातल्या, गार झाल्यावर ओल्या पंच्यात गुंडाळल्या आणि दोन पेल्यांत ओतल्या. प्रश्न लग्नाचा, आणि हे चव घ्यायला सांगतात. ती पुरती गोंधळली. तरी तिने दोन्ही चाखल्या.

"डावीकडची गोडसर आहे. ही ब्रूट असणार."

गुरूंनी पंचा सोडला. डावीकडची एक्स्ट्रा ड्राय होती.

"तुम्ही अदलाबदल केलीत."

"नाही गं. ब्रूट हीच दोघींत कमी गोड. आणि नुसतं 'ड्राय' लिहिलेली आणली असतीस, तर ती या एक्स्ट्रा ड्रायहूनही गोड निघाली असती."

"मग कोरडी म्हणायचंच कशाला?"

तेव्हा गुरू म्हणाले, "जुन्या काळी लोक फेसाळ वाइन पाकासारखी गोड प्यायचे. त्या जिभांना ही कोरडी लागली, म्हणून हे नाव पडलं. पुढे जिभा बदलल्या, नाव तेच राहिलं. नावात वाइनची चव थोडी असते, नाव ठेवणाऱ्याची सवय जास्त. आता सांग, बाईंना कोरडं कोण म्हणालं?"

"मावशी."

"तुझी मावशी फोनवर किती बोलते?"

शिष्येला हसू आलं. "ठेवते, ठेवते म्हणत अर्धा तास. भाजीवालीलाही सोन्या म्हणते."

"तिच्या मानाने साखरसुद्धा कोरडीच की."

ती हसता हसता थांबली. तरी डोक्यातला गुंता सुटेना. "पण त्या खरंच कोरड्या असल्या तर?"

"असतीलही. मी त्यांना चाखलेलं नाही. तूही नाहीस."

तिने पिशवीतून फोन काढला. होणाऱ्या सासूबाईंनाच लावला. "काकू, जेवायला भरलं वांगं आणि ठेचा करतेय. चालेल ना?"

पलीकडून सपाट आवाज आला. "ठेचा नको. तुला मिरची सोसत नाही, कळलंय मला." आणि फोन बंद.

शिष्या फोनकडे बघत राहिली. आपल्याला मिरची सोसत नाही, हे मावशीला अजून ठाऊक नव्हतं. बाईंनी मुलाला विचारूनच घेतलं असणार.

"काय म्हणाल्या?" गुरूंनी विचारलं.

"कोरडंच बोलल्या," ती हळूच म्हणाली. मग डाव्या, एक्स्ट्रा ड्राय बाटलीला तिने अण्णांकडचं फेस धरून ठेवणारं बूच लावलं, ती पंच्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. "अण्णा, ही नेते. वांग्याबरोबर किंचित गोड बरी लागेल."