शिडीवरचा हात

एकदा एका बंदराच्या गावी एक चित्रपट आला आणि आठवड्याच्या आत त्याचे हसे झाले. 'दर्या कुणाच्या बापाचा!' असे त्याचे नाव. गोष्ट आजच्या काळातल्या समुद्री चाच्यांची. एका डोळ्यावर पट्टी बांधून शिडाच्या गलबतातून हिंडणारे चाचे नव्हेत. इंजिनाच्या होडीतून येणारे आणि वायरलेसवरून खंडणी मागणारे. समीक्षकांनी त्या चित्रपटाची सालपटे काढली. नायकाच्या बंदुकीतल्या गोळ्या संपतच नाहीत, पाठलाग ऐन रंगात आला असताना गाणे सुरू होते, पळवलेले जहाज एका दृश्यात निळे तर पुढच्या दृश्यात तांबडे. रबरी शार्क पाहून तर एकाने लिहिले, "हा मासा फुगवायला जेवढी हवा लागली, तेवढीच कथेत उरली आहे."

त्या गावात एक वृद्ध समीक्षक राहत. आयुष्यभर शाळेत शिकवले आणि आयुष्यभर चित्रपट पाहिले, म्हणून सारे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी लिहिले, "हा चित्रपट वाईट आहे. याहून अधिक शब्द खर्च करण्याचे कारण दिसत नाही." हे वाक्य गावात म्हणीसारखे फिरले. घरात आमटी खारट झाली तरी कोणीतरी म्हणे, "याहून अधिक शब्द खर्च करण्याचे कारण दिसत नाही!"

गुरुजींची एक शिष्या होती. तिने तो चित्रपट स्वतःचे तिकीट काढून पाहिला होता, आणि बाहेर पडल्यावर घरची वाट सोडून ती धक्क्यापर्यंत एकटीच चालत गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने गुरुजींचे वाक्य वाचले. तेव्हापासून तिने त्या चित्रपटाचे नाव तोंडातून काढले नाही. पुढे ती गुरुजींकडेच समीक्षा शिकली आणि गावच्या साप्ताहिकात लिहू लागली. आवडते चित्रपट कोणते, असे कोणी विचारले की ती जी नावे सांगे, ती नेहमी सर्वांना मान्य असत.

काही वर्षांनी चित्रगृहाच्या मालकाने जुनी रिळे मोडीत काढायचे ठरवले. हे शेठ मनाने वाईट नव्हते, पण अडगळ त्यांना सहन होत नसे. शिष्या एका कामासाठी त्यांच्याकडे गेली, तेव्हा दारातच रिळांचे डबे रचलेले तिला दिसले. वरच्याच डब्यावर ते नाव होते.

"हे कुठं चाललं, शेठ?"

"बांगड्यांच्या कारखान्याला. फिल्मची पट्टी वितळवतात, बाई. निदान कुणाच्या हातात तरी शोभेल! पडद्यावर काही शोभली नाही."

"दुसरीकडे याची प्रत असेल ना?"

"कोण ठेवतंय? विचारलं मी वितरकाला. तो म्हणाला, ही शेवटचीच. आणि हसला."

गुरुजींनी स्थापन केलेल्या चित्रपट मंडळात एक रिवाज होता. दर वर्धापनदिनी एखाद्या सदस्याने उभे राहून एका नाकारलेल्या चित्रपटाची बाजू मांडायची. सभेने मानले तर तो चित्रपट दाखवायचा आणि त्याची रिळे मंडळाच्या कपाटात जपायची. सभेने नाकारले तर पुन्हा त्याचे नाव काढायचे नाही. वर्धापनदिन रविवारी होता. तिने शेठना तोवर थांबायची गळ घातली.

"थांबतो," शेठ म्हणाले. "पण सभा काय म्हणणार ते आत्ताच सांगतो. हा चित्रपट आला त्या दिवशी खास समीक्षकांसाठी खेळ ठेवला होता, तेव्हाच मला कळलं होतं. मध्यंतरात गरम भजी ठेवली होती मी. दोनदा घंटा दिली, एक माणूस हलेल तर शपथ! ऑपरेटरला पुढचा खेळ लावायचा होता, त्यानं मध्यंतरानंतरचा भाग केला सुरू. मंडळी आत गेली तेव्हा जहाज ताब्यातसुद्धा आलं होतं."

"म्हणजे शिडीचा प्रसंग कुणी पाहिलाच नाही?"

"कुठली शिडी? मी पण भजीच खात होतो."

तिला वाटले, आपल्या हाती घबाड लागले. ती तशीच गुरुजींकडे गेली आणि एका दमात सारे सांगून मोकळी झाली. "न पाहिलेल्या चित्रपटाला शिक्षा दिली त्यांनी! चाच्यांच्या म्होरक्यानं शेवटी आचाऱ्याला का सोडलं ते कळत नाही, असं जो तो लिहितो. कळणार कसं? उत्तर पडद्यावर होतं आणि हे बाहेर चटणीत भजी बुडवत होते. रविवारी एकेकाला उभं करते मी."

गुरुजींनी शांतपणे विचारले, "कांद्याची होती की बटाट्याची?"

"काय?"

"भजी."

"गुरुजी, चेष्टा नको. तुम्हीही बाहेर होतात का?"

"मला तळलेलं तेव्हाही वर्ज्य होतं. मी खुर्चीतच होतो."

"म्हणजे शिडीचा प्रसंग तुम्ही पाहिला?"

"पाहिला."

"आणि तरी तसं लिहिलंत?"

"आणि तरी तसं लिहिलं," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

घरी जाताना ते उत्तर तिच्या चपलेतल्या खड्यासारखे टोचत राहिले. पण तिने मनाची समजूत घातली. एका माणसाने पाहिले असेल, बाकीच्यांचे काय? पुरावा तो पुरावा.

रविवारी सकाळी सभा भरली. अध्यक्षस्थानी गुरुजी होते. समोर जुने समीक्षक बसले होते आणि त्यांच्यात पुढे होते एक वकील, ज्यांनी शार्कच्या हवेचे ते वाक्य लिहिले होते. शिष्येने चित्रपटाचे नाव उच्चारताच हशा पिकला.

"अगं, चाच्यांनी जहाज सोडून तुलाच पळवून नेलेलं दिसतंय!" वकील म्हणाले. "खंडणी किती मागतायत?"

तिने कागद उघडला आणि आरोप वाचायला सुरुवात केली. नेमक्या त्याच वेळी मागचे दार उघडले. शेठची माणसे गरमागरम भज्यांच्या ताटल्या घेऊन आत आली आणि ओळीने वाटू लागली. खमंग वास सभागृहभर पसरला. तिने चकित होऊन गुरुजींकडे पाहिले.

"आत्ता? माझं बोलणं चालू असताना?"

"मीच सांगितलं होतं," गुरुजी म्हणाले. "तू बोल."

तिला राग आला. ती आवाज चढवून वाचू लागली. कोण बाहेर होते, घंटा किती वेळा झाली, कोणी काय लिहिले. मंडळी खात राहिली. "अहो, ती भजी होतीच तशी," कोणीतरी कबुली दिली आणि पुन्हा हशा झाला. "पुरावा मान्य," वकील भरल्या तोंडाने म्हणाले. "आरोपी दोषी. चटणी इकडे सरकवा." ती जितके पटवत गेली, तितकी ताटली तिच्यावर मात करत गेली. एक पान संपले तेव्हा तिला स्वतःचाच आवाज फिर्यादीसारखा कर्कश वाटू लागला.

तिने कागद टेबलावर ठेवला. मग कोणाकडेही न पाहता ती सांगू लागली.

"जहाजाच्या बाजूला दोरीची शिडी लोंबकळते आहे. खाली होडी लाटांवर आपटते आहे. चाच्यांचा म्होरक्या शिडी चढतो आहे. पाठीला बंदूक. आतापर्यंत आपण त्याला फक्त ओरडताना पाहिलं आहे. अर्ध्यावर त्याचा पाय घसरतो आणि तो लोंबकळतो. तेव्हा कळतं, की याला उंचीची भीती वाटते. तो डोळे मिटून घेतो. वर कठड्याशी जहाजाचा आचारी उभा आहे. कणकेनं भरलेले हात. त्याला पळायला वेळ आहे, ओरडायला वेळ आहे, शिडीचा दोर कापायला हातात सुरीसुद्धा आहे. आणि तो काय करतो? सुरी टाकतो आणि खाली हात देतो. शिडीवरच्या माणसाला हात द्यायचा, एवढंच त्याला जन्मभर ठाऊक आहे. म्होरक्या तो हात धरून वर येतो. दोघं समोरासमोर उभे राहतात. मग आचाऱ्याला कळतं, आपण कुणाला वर घेतलं. आणि म्होरक्या स्वतःच्या मनगटावरची कणीक बघत राहतो. एक शब्द नाही. संगीतसुद्धा नाही. मग तो बंदूक काढतो, कारण आता त्याला तेच करावं लागणार असतं."

सभागृहात कोणी खात नव्हते. वकिलांच्या हातातले भजे तसेच राहिले होते.

"हे होतं त्यात?" त्यांनी विचारले.

"होतं."

"मग तो शार्क कशाला घातला मेल्यांनी?"

"शार्क वाईटच आहे," ती म्हणाली. "ते गाणं तर उचलून समुद्रात टाकावं. जहाज रंग बदलतं तेही खरं. मी त्यातलं काही झाकत नाही. त्या सगळ्यासकट मला हा चित्रपट आवडतो. पहिल्या दिवसापासून आवडतो." मग ती अध्यक्षांकडे वळली. "गुरुजी, तुम्ही उठून गेला नव्हतात. तुम्ही सगळं पाहिलंत आणि वाईट म्हणालात. तुम्ही चुकलात, असं माझं म्हणणं आहे."

गुरुजींना आजवर कोणी असे बोलले नव्हते. गुरुजी मात्र पुढे झुकून ऐकत होते.

"भजी मी का मागवली, ते आता सांगतो," ते म्हणाले. "तू आलीस तेव्हा तुझ्याकडे दोन गोष्टी होत्या. एक खटला आणि एक प्रेम. प्रेम तू खटल्याच्या मागे लपवलं होतंस. इतरांनी नीट पाहिलं नाही, हे सिद्ध झालं की आपलं पाहणं आपोआप खरं ठरेल, असं तुला वाटत होतं. तसं होत नाही. खटला ऐकत माणसं सुखानं खाऊ शकतात, हे तू आत्ता पाहिलंस. मी सांगितलं असतं तर तुला पटलं नसतं. आणि माझ्याविरुद्ध तर तुझ्याकडे पुरावाच नव्हता. मी बसून होतो. माझ्यासमोर उभं राहायला तुझ्याजवळ फक्त तुझे दोन डोळे होते. ते पुरेसे आहेत, एवढंच तुला कळायचं राहिलं होतं."

"म्हणजे तुमचं मत बदललं?"

"मुळीच नाही," गुरुजी म्हणाले. "प्रसंग चांगला आहे. चित्रपट वाईट आहे. माझा होकार धरू नका."

मत घेतले गेले. एकेकाने होकार दिला, वकिलांनीही दिला, मात्र शार्कविषयीचे आपले मत नोंदवायला लावून. गुरुजींचा नकार एकटा पडला. शेठ उठून म्हणाले, "घेऊन जा बाई तुमचे डबे. माझ्या दारातली अडगळ तेवढी कमी होईल."

सभा पांगल्यावर शिष्या गुरुजींच्या पाया पडली. तिला वाटले होते, त्यांचा नकार आपल्याला सलेल. तो सलला नाही. उलट तो समोर उभा होता म्हणूनच आपण किती ठाम उभे आहोत, ते तिला कळले होते.

त्या आठवड्याच्या साप्ताहिकात तिचा लेख आला. सुरुवात अशी होती: "हा चित्रपट सदोष आहे, माझ्या गुरूंनी तो नाकारला आहे, आणि मला तो आवडतो. यांपैकी एकाही गोष्टीबद्दल मी कोणाची क्षमा मागणार नाही."

जे मनापासून आवडले, त्याच्यासाठी जगाला दोषी ठरवत बसू नये. उभे राहावे आणि ते सांगावे.